तक्रारमुक्त गावातली टाचणीमावशी

“आधी बस, मग भांड.”

हे वाक्य टाचणीमावशीच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. परिषदेच्या अध्यक्षांनी ते ऐकलं होतं, अध्यक्षांच्या मेहुण्यानं ऐकलं होतं, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले त्या दिवशी दोघांनी एकदम ऐकलं होतं. एकदा एक बैल दावं तोडून कचेरीत शिरला. मावशीच्या तोंडून सवयीनं तेच वाक्य निघालं आणि बैल खाली बसला, असं शपथेवर सांगणारे लोक आहेत. बैल बसला हे खरं आहे. तो दिवसभर नांगराला जुंपलेला होता, एवढंच ते लोक सांगत नाहीत.

मावशी परिषदेच्या कचेरीत शिपाई होती. कचेरी दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत पाण्याचा माठ, सूचनांचा फळा आणि एक बाक. आतल्या खोलीत कारकून, त्याचं टेबल आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटाचं दार उघडायचं म्हणजे आधी खालून लाथ मारावी लागे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये कमरेइतकं अर्धं दार. मावशी उंचीनं बेताची, अंगात वर्षाचे बाराही महिने खाकी कोट, आणि कोटाच्या कॉलरला टाचण्यांची लखलखीत रांग. कागद हातात आला की कॉलरवरची टाचणी निघायची. माणूस समोर आला की जिभेवरची निघायची. सव्वीस वर्षांत दोन्हींचा साठा कधी संपला नाही.

आता त्या बाकाचं सांगायला हवं. सुतारानं तो बनवला तेव्हा लाकूड कमी पडलं, म्हणून त्यानं पाय टोकाला न लावता मधल्या बाजूला जवळजवळ लावले. त्यामुळे दोन्ही टोकांना दोन माणसं बसली तरच बाक सरळ राही. एकजण तावातावानं उठला की दुसरा धाडकन जमिनीवर. बदलून घ्यावा असं सगळ्यांना वाटे, पण मावशीनं तो बदलू दिला नाही. तक्रार घेऊन माणूस आला की ती त्याला एका टोकाला बसवायची, समोरच्याला बोलावणं धाडायची आणि दुसऱ्या टोकाला बसवायची. मग दोघांना निदान उठण्यापुरतं तरी एकमेकांशी बोलावंच लागे.

“साहेब कामात आहेत,” असं सांगून मावशी झाडू घेऊन खोलीभर फिरत राही. साहेब, म्हणजे कारकून, आत शब्दकोडं सोडवत असे. कोड्यातला एखादा शब्द अडला की तो अर्ध्या दारावरून मावशीलाच विचारी. तासाभरात बाकावरचे दोघं काहीतरी तोडगा काढायचे, नाहीतर मावशी काढून द्यायची. तक्रारवही कपाटातच राही. तिच्यावर एका कोळ्यानं जाळं विणून संसार थाटला होता.

शिंपी आणि मास्तर यांचंच घ्या. भिंतीला भिंत लागून घरं. परिषदेनं गल्लीत एक दिवा लावला तो नेमका दोघांच्या मध्ये. शिंपी संध्याकाळी ओट्यावर मशीन घेऊन बसे, त्याला उजेड हवा. मास्तरांच्या खिडकीतून तोच उजेड रात्रभर डोळ्यांवर पडे, त्यांना अंधार हवा. दोघं कचेरीत आले, बसले, एकदा आपटले. मावशीनं तोडगा काढला. तिचा नवरा पत्र्याचं काम करायचा, डबे, झाकणं, धुराडी. त्याच्याकडून तिनं बैलाच्या डोळ्याला असते तशी पत्र्याची झापड करून घेतली आणि दिव्याच्या मास्तरांकडच्या बाजूला ठोकली. सरकारी दिव्याला झापड घालणं कुठल्या कायद्यात बसतं हे कारकुनानं विचारलं नाही, कारण त्याला त्या वेळी पाच अक्षरी शब्द हवा होता. चौदा वर्षं झापड टिकली, शेजारही टिकला.

या नवऱ्याचे कान हातोडीच्या ठोक्यांनी बधिर झाले होते. मावशी घरी गेल्यावर दिवसभराचं सगळं त्याला सांगायची. त्याला ऐकू यायचं नाही, आणि त्याला ऐकू येत नाही हे मावशीला पटायचं नाही. संसार फार सुखाचा झाला.

अशा गावावर एके दिवशी वरून कागद आला. पाच परिषदा मोडून त्यांची एक मोठी परिषद होणार होती. जनतेला अधिक जवळून सेवा देता यावी म्हणून कचेरी चौदा किलोमीटर लांब नेण्याचं ठरलं होतं. ज्या गावात खरी गरज दिसेल तिथे मात्र एक खिडकी चालू राहणार होती. गरज मोजायला एक तरुण अधिकारीबाई आल्या. काखेत संगणक, पायांत मजबूत बूट, आणि प्रश्न असे की उत्तर आकड्यातच द्यावं लागावं. गावानं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं.

अध्यक्ष त्यांना वेशीपासून मिरवत घेऊन आले. वाटेत त्यांनी “तक्रारमुक्त गाव” अशी पाटी दाखवली, कचेरीत आल्यावर त्याबद्दल मिळालेली ढाल दाखवली, आणि ढाल धरून स्वतःचा काढलेला फोटोही दाखवला.

“दहा वर्षांत तक्रारी किती?” मोजणीबाईंनी विचारलं.

“चार!” कारकून छाती फुगवून म्हणाला. त्यानं कपाटाला लाथ मारली, वही काढली, कोळ्याला बाजूला केलं. “त्यातली एक चुकून आलेली. ती ओढ्यापलीकडच्या गावाची होती.”

“पलीकडच्या गावात तीन हजार एकशे चाळीस आहेत.”

“असणारच! महाभांडखोर लोक, बाई. लग्नात अक्षतासुद्धा नेम धरून मारतात.”

“त्यांची खिडकी राहतेय. दुसरा संगणकही मिळतोय.”

कारकुनाची छाती हळूहळू जागेवर आली. “आणि आमची?”

“तुमच्या गावाला कचेरीची गरजच दिसत नाही,” मोजणीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. आकडाच तसा होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मावशी अर्ध्या दाराशी फडकं घेऊन उभी होती. तिला काय काय दिसलं असेल? बाळंतिणीचा बाप जन्माचा दाखला आणायला दोन गाड्या बदलून निघालाय. नुकताच नवरा गेलेली म्हातारी मृत्यूची नोंद करायला चौदा किलोमीटर जाऊन “उद्या या” ऐकून परत आलीय. आणि हे सगळं कशानं? तर हिनं सव्वीस वर्षं भांडणं मिटवली आणि एकही कुठे लिहून ठेवलं नाही म्हणून.

“बाई,” ती म्हणाली, “भांडणं होत होती हो. चांगली भरपूर होत होती.”

“कागद आहेत का?”

“नाहीत.”

“मग मी काय मोजू, मावशी?” मोजणीबाईंनी संगणक मिटला. त्यांना वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याचा रकाना त्यांच्याकडे नव्हता. “पंधरा दिवसांची मुदत आहे. जिवंत तक्रारी, म्हणजे न मिटलेल्या, शंभराच्या वर दिसल्या तर मी खिडकीसाठी लिहीन.”

त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी शाळेच्या पटांगणात सभा घेतली. खुर्चीवर चढून ते म्हणाले, “बंधूंनो, भगिनींनो, गावासाठी भांडा!”

गावाला सवय नव्हती. पहिल्या दिवशी सात कागद आले, तेही लाजत. “आमच्या गल्लीतला रस्ता बरा आहे, आणखी बरा झाल्यास हरकत नाही.” “शेजारच्या काकूंचा कोंबडा जरा लवकर आरवतो, पण आवाज गोड आहे.” कारकुनानं डोक्याला हात लावला. “अहो, ही तक्रार आहे की मानपत्र?”

तिसऱ्या दिवसापासून मात्र हात सैल झाले. एकानं लिहिलं की शेजाऱ्याचं सांडपाणी दारात येतं. शेजाऱ्यानं लिहिलं की त्याची जीभच सांडपाण्याची आहे. मग जुनी मढी उकरायला सुरुवात झाली. मावशीनं मिटवलेलं एकेक प्रकरण बाहेर आलं. दोघी जावांनी नळाच्या पाळीवरून एकमेकींवर एकेक लांबलचक कागद घातला. शिंप्यानं झापडीविरुद्ध लिहिलं, मास्तरांनी शुद्धलेखन तपासून दिव्याविरुद्ध लिहिलं. अकराव्या दिवशी तीनशे शहाऐंशी कागद झाले. गल्लीत कुणी कुणाला हाक मारीना. खिडक्या दुपारच्याच बंद होऊ लागल्या. बायका कपडे वाळत घालताना एकमेकींकडे पाठ करून घालू लागल्या, आणि दोरी एकच असल्यानं ते कठीणच होतं.

मावशी शिंप्याच्या ओट्यावर गेली. “चल, ये कचेरीत. बस जरा.”

“मावशी, आता बसायला सांगू नका.” शिंप्यानं तोंडातल्या सुया काढल्या. “मी काय स्वतःसाठी भांडतोय का? गावाच्या भल्यासाठी भांडतोय.”

“आणि मास्तरांना ‘आंधळं घुबड’ लिहिलंस ते?”

“तेही गावाच्या भल्यासाठीच.”

सगळ्यात शेवटचा कागद मावशीच्या नवऱ्याचा होता. त्यानं ठळक अक्षरात लिहिलं होतं: “माझी बायको घरी उशिरा येते आणि माझं काहीच ऐकून घेत नाही.” इतकी वर्षं ज्याला काही ऐकू आलं नाही त्यानं ही तक्रार करावी! मावशीनं तो कागद घडी घालून कोटाच्या आतल्या बाजूला टाचून टाकला आणि कुणाला दाखवला नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ती एकटीच बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून कागद टाचत होती. तारीखवार टाचायचे असा नियम. पण सव्वीस वर्षं तिनं भांडणं माणसांवरून ओळखली होती, म्हणून ती जोड्या लावत गेली. शिंप्याचा कागद, त्यावर मास्तरांचा. थोरल्या जावेचा, त्यावर धाकटीचा. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि कागद अंगणात धान्य वाळत घालावं तसे खोलीभर पसरले होते. नळाच्या कागदांचा ढीग एकेचाळीसचा झाला. एकेचाळीस माणसं एकमेकांना शिव्या देत होती, घरं एकोणीस आणि नळ एक. दुसरा नळ हवा असं एकानंही लिहिलं नव्हतं.

तिचा हात थांबला. तिनं दिव्याचे कागद पुन्हा उचलले. दुसरा दिवा मागायचं चौदा वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही. झापड इतकी नीट बसली होती!

आत कारकून म्हणाला, “मावशी, ‘स्वतःच्या हातानं केलेलं नुकसान’, सहा अक्षरी. काय असेल?”

“गप बसा साहेब,” मावशी म्हणाली. तिची कानशिलं तापली होती. सव्वीस वर्षं तिनं दोन शेजाऱ्यांना बाकावर आपटून शहाणं केलं, आणि ज्यांनी गटार खणायचं, नळ द्यायचा, दिवा लावायचा, ते आतल्या खोलीत गारव्याला बसून राहिले. त्यांना वर ढालसुद्धा मिळाली.

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई आल्या. गठ्ठा पाहून खूश झाल्या. “तीनशे शहाऐंशी! झालं की काम.”

“टाचायचं राहिलंय,” मावशी दारात आडवी उभी राहिली. “दुपारपर्यंत थांबा.”

तिनं गावाला बोलावणं धाडलं. सही राहिलीय, असं खोटंच सांगितलं, आणि सरकारी सही राहिलीय म्हटल्यावर माणूस मेलेला असला तरी उठून येतो. आधी शिंपी आणि मास्तर. दोघांना तिनं टोकांना बसवलं.

“मला याच्याशी बोलायचं नाही,” मास्तर म्हणाले.

“बोलू नका. कुठला दिवा हवा ते सांगा.”

“मला दिवाच नको.”

“मला हवा,” शिंपी म्हणाला.

“मग दोन दिवे असते तर? एक तुझ्या ओट्याकडे तोंड करून, एक कोपऱ्यावर, मास्तरांकडे पाठ करून?”

शिंप्यानं गळ्यातली टेप चाळवली. “दोन कोण देतंय?”

“मागितले कधी?”

मास्तर तटकन उठले आणि शिंपी खाली गेला. मास्तरांनी पटकन हात देऊन त्याला उचललं. लागलं का, हे विचारायचं त्यांनी टाळलं, पण त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मग मास्तरांनी नवा कागद लिहिला, शिंप्यानं त्यावर पहिली सही केली, आणि मावशीनं जुने दोन्ही कागद फाडून माठाच्या मागे टाकले.

“अहो, फाडताय काय!” मोजणीबाई ओरडल्या. “आकडा कमी होतोय!”

“होऊ द्या. पुढची जोडी!”

जोड्या येत राहिल्या. सांडपाण्याचे दोघं आले, आपटले, आणि गटार मागून गेले. कोंबडावाल्या काकू आणि त्यांचे शेजारी आले. त्यांच्यात मागण्यासारखं काही निघेना, तेव्हा त्यांनी कोंबडा मिटवून मोडक्या पुलाबद्दल लिहिलं. नळाचे एकेचाळीस जण मावत नव्हते म्हणून अंगणात बसले, आणि घरटी एक असे एकोणीस कागद दुसऱ्या नळासाठी झाले. दुपारी अध्यक्ष आले. त्यांनी चारदोन कागद वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मावशी, हे सगळं माझ्याविरुद्ध आहे!”

“तुम्हीच म्हणालात ना, गावासाठी भांडा.”

“एकमेकांशी भांडा असं म्हणायचं होतं मला!”

“ते खुर्चीवरून नीट ऐकू आलं नाही.”

उन्हं कलली तेव्हा अंगण जवळजवळ रिकामं झालं. मोजणीबाई मावशीजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “किती झाले?”

“अठ्ठ्याण्णव.”

“मावशी, एक सांगायला हवं. एखाद्या कचेरीविरुद्धच शंभरावर तक्रारी निघाल्या, तर खिडकी राहते, पण तिथली जुनी माणसं ठेवत नाहीत. नियम आहे. शंभराच्या आत थांबलात, तर खिडकी बंद होईल. मग तुम्हाला गावातलीच जागा मिळेल, शाळेत घंटेवर. शंभराच्या वर गेलात, तर खिडकी राहील आणि तुम्ही जाल.”

मावशीनं कॉलरला हात लावला. टाचण्या संपत आल्या होत्या. शाळेची घंटा म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर, दिवसातून आठ ठोके, उरलेला वेळ आराम. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना दुसरं काय हवं असतं?

“दोन जोड्या बाहेर आहेत,” ती म्हणाली. “त्या होऊ द्या.”

त्या झाल्या. शंभर. अंगणात कुणी उरलं नाही. कारकून अर्ध्या दारावरून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जन्मात पहिल्यांदाच कोड्याबाहेरचा प्रश्न होता.

“शंभर म्हणजे शंभराच्या वर नव्हे,” मोजणीबाई म्हणाल्या. “सुटलात, मावशी.”

मावशी उठली, दारात गेली आणि समोरच्या पत्र्याच्या दुकानाकडे तोंड करून तिनं अशी हाक मारली की तिच्या नवऱ्यालासुद्धा ऐकू गेली. तो हात पुसत आला. तिनं त्याला बाकाच्या एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसली, आणि कोटाच्या आतून घडीचा कागद काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

“हे काय लिहिलंत?”

“काय?”

“मी म्हटलं, हे काय लिहिलंत!”

“खरं तेच लिहिलंय,” नवरा ओरडून म्हणाला. बहिऱ्या माणसाला खासगी बोलता येत नाही. “सकाळी सातला जातेस, दिवेलागणीला येतेस. झाडू तू, पाणी तू, टपाल तू, भांडणं तू. घरी येऊन बोलतेस तेही कचेरीचंच. मी ऐकतोय असं दाखवतो. पंचवीस वर्षं दाखवतोय. माझं सांगायचं राहूनच जातं.”

मावशी गप्प बसलेली पाहून कारकून घाबरला.

“साहेब,” ती शेवटी म्हणाली, “लिहा. या कचेरीत चार जणांचं काम एका शिपायाकडून करून घेतात. दोन शिपाई हवेत.”

“मावशी, अहो, पण ही तुमची...”

“लिहा म्हटलं ना.”

कारकुनानं लिहिलं. नवऱ्यानं सही केली. मावशीनं दुसऱ्यांच्या कागदांना हजारो टाचण्या लावल्या होत्या, पण तक्रारीखाली स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. तिनं ते सावकाश लिहिलं, आणि मग नवऱ्याचा दंड धरला, म्हणजे उठताना कुणी पडायला नको.

“एकशे एक,” मोजणीबाई म्हणाल्या. संगणकाची कळ त्यांनी जरा उशिरानंच दाबली.

महिन्याभरानं हुकूम आले. खिडकी राहिली. अध्यक्ष गेले, कारण पाच परिषदांची एक झाल्यावर चार अध्यक्ष शिल्लक पडणारच होते. ढाल ते घरी घेऊन गेले. कारकुनाची बदली मोठ्या कचेरीच्या दप्तरखोलीत झाली. तिथे माणूस फिरकत नाही, त्यामुळे तो तिथे अजूनही सुखात आहे. दिवे तीन महिन्यांनी लागले, नळाला आठ लागले, आणि पुलाचं काम, खरं सांगायचं तर, अजून चालूच आहे. मावशीचा हुकूम ओढ्यापलीकडच्या गावाचा निघाला, तीन हजार एकशे चाळीसवाल्या.

“बरं झालं,” ती नवऱ्याच्या कानाशी ओरडली. “चार किलोमीटरच आहे. दिवेलागणीच्या आत घरी. नव्या कचेरीत शिपाई दोन आहेत.”

“मग मला आज काय झालं ते सांगू?”

“संध्याकाळी सांगा.”

सोमवारी सकाळी ती निघाली. खांद्यावर पिशवी, पिशवीत डबा, पायांत नवऱ्याच्या जुन्या वहाणा. निरोप द्यायला कुणी आलं नाही, कारण निरोपाचं काही बोलाल तर बघा, असं तिनं आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. शिंपी मशीनवर होता, त्यानं पाय थांबवला. मास्तर खिडकीत दाढी करत होते, ते साबण लावलेल्या तोंडानं तसेच राहिले. दोघी जावा नळावर होत्या, त्यांच्या घागरी भरून वाहू लागल्या. मावशी कुणाकडेही न बघता गल्लीतून खाली उतरली, ओढ्यातल्या दगडांवरून सांभाळून पलीकडे गेली आणि चढाला लागली. नवरा दुकानाच्या पायरीवर उभा होता. चढ संपेपर्यंत खाकी कोट दिसत होता, आणि तोवर त्यानं ठोका मारला नाही.